हो म्हण, मावशी

"कालचे वांगे हायेत, बाई. खोटं कायले बोलू?"

सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी ही मावशी गिऱ्हाइकाला आधी मालाची खोड सांगायची, मग भाव. शेजारच्या भाजीवाल्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. तरी आम्ही सगळ्या तिच्याकडेच जायचो. तुमच्याही बाजारात अशी एखादी असेल, तर जपा तिला.

मी हृदयाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स. एके दिवशी मावशीचा एकुलता एक मुलगा तिथेच भरती झाला. ताप, धाप, पायांना सूज. डॉक्टरांना म्हणाला, "मलेरिया असन." मावशीने सरळ त्याची बाही वर सारली. "नशेची सुई टोचते साहेब हा. खोटं कायले बोलू?" सुईतून रक्तात गेलेल्या जंतूंनी हृदयाची झडप खाल्ली होती. नवी बसवली. मावशीच्या त्या एका वाक्याने पोरगा वाचला आणि वॉर्डभर तिचं कौतुक झालं. भेंडी निवडता निवडता मी बायकांना सांगायचे, आई असावी तर अशी!

वर्षभर पोरगा मालवाहू ऑटो चालवत होता. मग पुन्हा सुई. पुन्हा ताप. नवी झडपही नासली.

या वेळी ऑपरेशन केलं नाही तर तो जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी मावशीला पडद्याबाहेर बोलावलं. "झडपा काय आम्ही बदलतच बसायच्या? आता सुई घेणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता?"

मी त्यांच्या मागे उभी राहून मान हलवत होते. हो म्हण, मावशी. या वॉर्डात प्रत्येक आई हो म्हणते. शपथा खातात, पाया पडतात. ते खोटं आहे हे डॉक्टरांनाही कळतं, तरी त्यांना ते ऐकायचं असतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "घेईन साहेब तो. मी किती राखण करू? तो घेईनच."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मेल्या डॉक्टरांनो, सुटलात एकदाचे! ओठांवर आलं होतं, गिळलं.

पडदा कापडाचा. पोराने सगळं ऐकलं होतं. मावशी आत गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एकदा खोटं बोलली असती तं मरून गेली असती का वं, माय?"

ऑपरेशनच्या यादीत त्याचं नाव लागलंच नाही. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. ओठ फुटले, तरी तोंड भिंतीकडे. शेवटच्या दुपारी मी पाण्याचं भांडं त्याच्या तोंडाला लावलं, तर घटाघटा प्यायला लागला. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती. मलाच लाज वाटली. मी भांडं तिच्या हातात देऊ केलं, तर ती मागे सरकली.

"तुम्हीच पाजा, सिस्टर. मले पाहून थांबन तो."