वेदीपुढे ठेवलेली बॅग

गेल्या हंगामाच्या सणाला आमच्या अहमदपूरच्या ख्रिस्ती मंडळीने भर मंडपात माझी बॅग लिलावात विकली, आणि त्यात कुणाचीही चूक नव्हती. असलीच तर शेळ्यांची होती. पण त्या शेळ्या मलावीत राहतात, त्यांना जाब कोण विचारणार!

मी आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका खेड्यात सहा वर्षं मिशनरी आहे. मिशनरी म्हटलं की लोकांना वाटतं, पांढरा झगा, हातात कंदील आणि झाडामागे सिंह. प्रत्यक्षात माझ्याकडे एक सायकल आहे, तिची चेन सारखी उतरते, आणि झाडामागे शेळ्याच असतात. तिथल्या आमच्या मंदिराला (आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो) मातीच्या भिंती आहेत, गवताचं छप्पर आहे, दार मात्र नाही. त्यामुळे उपासनेला माणसांइतक्याच शेळ्या येतात आणि मागच्या बाजूला उभं राहून मिळेल ते खातात. पहिल्याच रविवारी त्यांनी माझं लिहून आणलेलं प्रवचन खाल्लं. (त्यांना पचलं! माणसांना इतकं सहज पचत नाही.) तेव्हापासून मी तिथल्या सगळ्यांसारखंच करतो. आत शिरलं की पिशवी, कुदळ, छत्री, जे असेल ते थेट वेदीपुढे नेऊन ठेवायचं आणि मग निवांत प्रार्थनेला बसायचं.

महिनाभराच्या सुटीवर आलो तो रविवार नेमका सणाचा. एसटीत हाडं खिळखिळी करून घेऊन अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो, तर मंदिराची घंटा वाजत होती. घरी जायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर धीरही नव्हता. आईने फोनवर आधीच निकाल देऊन टाकला होता.

"दानू, आता आलास की परत जायचं न्हाई. लातूरला मास्तरकी बघायची, लगीन करायचं. तुझा बाप गेला तवा मातीला तू न्हवतास. आता मी बी तुझ्या फोटूकडं बघत बघत मरू का?"

बापाच्या मातीला नव्हतो, हे माझ्याही मनातून जात नाही. माझं जे काही उत्तर होतं ते बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवलेलं होतं. निघताना खेड्यातल्या बायकांनी एक पांढरं कापड दिलं होतं. त्यावर सगळ्यांच्या पंजांचे निळे ठसे होते आणि मधोमध एक जागा रिकामी. "इथे तुझ्या आईचा हात उमटवून घे आणि कापड परत घेऊन ये," असं त्यांनी बजावलं होतं. आईने हात उमटवला तर मलावी, नाही तर लातूर! आई जेवून जरा निवांत झाली की कापड हळूच पुढे करायचं, असा माझा बेत होता. त्यासाठी एक भाषणही पाठ केलं होतं.

मंदिरात शिरलो. वेदीपुढे सोयाबीनची पोती होती, उडीद होते, हळदीचं गाठोडं होतं, अर्धापूरच्या पाहुण्यांनी आणलेले केळीचे घड होते, पाय बांधलेला एक कोंबडा होता आणि आमच्या परसातलं भलंमोठं काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, होता. आता आमच्याकडची रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. सणाला जो तो आपलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतो, उपासनेनंतर मंडपात त्याचा लिलाव होतो, आणि एकदा ठेवलं ते देवाचं, परत मागायचं नाही. हे सगळं ठाऊक असूनही माझे पाय सहा वर्षांच्या सवयीने सरळ पुढे गेले आणि मी बॅग काशीफळाशेजारी टेकवली!

उपासना संपली तसा मला नातेवाइकांनी घेरलं. "सिंह बघितला का?" "नाही." "मंग तिकडं करून काय राहिला सहा वर्सं?" या प्रश्नातून सुटून मी मंडपात पोचलो, तर मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे शामूएलकाका माझी बॅग डोक्यावर धरून उभे होते! काकांच्या आवाजाला माइक लागत नाही. तरी ते घेतात.

"बोला मंडळी! दानू पास्टरनं आफ्रिकेहून देवासाठी आणलीया! आत काय हाय ते त्या देवालाच ठावं!"

"काका, ती माझी बॅग आहे!"

"ज्याची बोली त्याची बॅग! तुझी बोली सांग!"

"अहो, ती विकायची नाही!"

"बगा! देणाऱ्यालाच सोडवंना! मंजी आत भारी माल हाय!"

झालं, बोली भराभर चढली. शेवटी ती आमच्या शेजारच्या किराणावाल्या अप्पांवर थांबली. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. दरवर्षी ते आमच्या सणाला आवर्जून येतात आणि दुकानाला शुभ म्हणून काहीतरी घेऊन जातात.

"काका, पाया पडतो," मी म्हणालो, "आत माझा पासपोर्ट आहे."

"मंग बरंच झालं की! जाऊ नको! वहिनीचं बी काम झालं!"

बायकांच्या बाजूला बसलेली आई तेव्हा गालात हसली. मी आल्यापासूनचं ते तिचं पहिलं हसू.

सगळ्यांच्या आग्रहावरून अप्पांनी बॅग तिथेच उघडली. आधी निघाली माझी न धुतलेली बनियनं. मग मच्छरदाणी. (मागून कुणीतरी विचारलं, "आफ्रिकेत नवरीला ह्येच घालत्यात का ओ?") मग एक कागदी पुडा निघाला. अप्पांनी तो नाकाशी नेला.

"ह्ये काय रं दानू?"

"सुकी मासळी, अप्पा. तिथल्या तळ्यातली. आईसाठी..."

अप्पांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! "शिव शिव शिव!" करत त्यांनी पुडा टाकला, बॅग टाकली आणि चार पावलं मागे उडी मारली. "शामूएल, पैसे देवाला राहू द्या! बॅग तुमची तुम्हाला! मी अंगोळ करून येतो!"

बॅग उलटी पडली आणि तळाचं कापड बनियनांवर उलगडलं. निळे पंजेच पंजे. आई उठून पुढे आली.

"ह्ये काय?"

पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बायका, ठसे, मधली रिकामी जागा. "आणि तू हात उमटवलास, तर ते परत नेऊन द्यायला मला जावं लागेल." एवढं बोलून मी खाली बघत राहिलो. मला फार भीती वाटत होती.

आई वाकली. बराच वेळ कापड न्याहाळत राहिली.

"ह्यो येवढा मोठा पंजा कुणाचा?"

"एस्तेर आजीचा. माझ्या शेजारी राहते. जेवलो नाही की रागावते. मला ताप आला होता तेव्हा उशाशी बसून होती. गावभर सांगते, हा माझाच मुलगा."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो!

"तिचा मुलगा?" आई ताठ झाली. "कळा म्या सोसल्या, आन् मुलगा तिचा? शामूएलभावजी, ते हळदीचं गाठोडं सोडा!"

"पर वहिनी, ती देवाची हाय, आदी बोली..."

"सोडा म्हन्ते न्हवं!"

काकांनी मुकाट्याने सोडलं. आईने तांब्यातल्या पाण्यात हात बुडवला, हळदीत घोळला आणि कापडाच्या मधोमध थाड्‌कन मारला. मग तिने पाहिलं. तिचा पंजा एस्तेर आजीपेक्षा लहान दिसत होता. तिने लगेच दुसराही हात हळदीत घालून शेजारी उमटवला!

"तिला म्हनावं, आई हितं हाय. तू नुसती सांभाळायला." मग तिने मनगटाने डोळे पुसले, गालभर हळद लागली. "खरंच तापात बसली व्हती का रं?"

"हो, आई."

"मंग माझं एक लुगडं ने तिला. आन् पुढच्या सणाला इथं पायजेस. ती मासळी उचल, भाकरीसंगं बरी लागंल."

मलाही रडू आलं. तेवढ्यात काकांनी माइक घेतला. "पर वहिनी, बॅग आजून देवाची हाय! तुमची बोली काय?"

"घरी दुसरं काशीफळ हाय. त्याच वेलाचं, पर जरा लहान."

काकांनी मंडपभर नजर फिरवली. बोली वर न्यायला कुणीही तयार नव्हतं! "एक... दोन... गेली!"

(न्हाऊन आलेल्या अप्पांनी नंतर मोठं काशीफळ चांगल्या चढ्या बोलीने नेलं.)

ते कापड आता मलावीत वेदीवर उंच टांगलं आहे, शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही असं. एस्तेर आजीने पिवळे हात पाहिले मात्र, आणि निळा रंग मागवून आपलाही दुसरा पंजा उमटवला. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. माणसाचं मोल करता येत नाही, असं मी तिथे प्रवचनात अजूनही सांगतो. माझ्यापुरतं ते एकदा झालेलं आहे. पासपोर्टसकट एक काशीफळ, तेही दोहोंतलं लहान!