हरले म्हणून काढा

काला अंबच्या, पानिपतच्या लढाईच्या त्या स्मारकखांबासमोर ताई उभ्या होत्या. माझ्या मुली त्यांच्याभोवती अर्धगोल करून. अंगात अजून खेळाचेच कपडे, वरून जॅकेटं. थंडी मरणाची. सकाळीच आम्ही पानिपतच्या स्पर्धेत हरलो होतो. पहिल्याच फेरीत. मोठ्या फरकाने.

ताई म्हणजे आमच्या कॉलेजच्या क्रीडा समितीच्या अध्यक्ष. मी त्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच. परत नोएडाला निघताना ताईंनी बस इकडे वळवायला लावली होती. मराठी माणसाने इथे डोकं टेकल्याशिवाय पुढे जाऊ नये, म्हणाल्या.

मुलींना त्या हिंदीत लढाई सांगत होत्या. चांगलं सांगत होत्या. मीही ऐकत होते. मध्येच माझ्याकडे वळल्या आणि मराठीत बोलल्या. हसत हसत.

“बाजारबुणग्यांनी घात केला गं. लढणारे थोडे, आणि मागे हे फुकट खाणारे. तुमचेही असतील की त्यात. घोड्यांची लीद काढायला.”

थांबल्या. मग म्हणाल्या, “असल्यांच्या हातात टीम दिली की दुसरं काय होणार?”

मुलींना मराठी येत नाही. हरियाणाच्या, यूपीच्या मुली. ताई हसल्या म्हणून त्याही हसल्या. सगळ्या. माझी कॅप्टन सोनीपतची. तिने मला विचारलं, “मैम, क्या बोला मैडम ने?”

मी म्हणाले, “कुछ नहीं. लड़ाई का बता रही हैं.”

आणि मीही हसले.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. शिवी माझ्या भाषेत होती. एवढ्या माणसांत ती फक्त मला कळली होती. कुणी साक्षीला नाही, कुणी चिडायला नाही. घरच्या भाषेत कुणी बोललं की माझा जीव हलका व्हायचा. त्या दिवसापासून ते संपलं.

मी दिल्लीत जन्मले. बाबा बुलढाण्याकडचे. इथे एका मंत्रालयात शिपाई होते. सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. आम्ही महार. आता बौद्ध. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, हेही माहीत होतं.

बाबांचा एक हिशेब होता. ते म्हणायचे, “हिंदीवाल्याला आपलं आडनाव कळत नाही. त्याच्या लेखी सगळे मराठे. जपून राहायचं ते मराठी माणसापासून.” म्हणून बाबा कुठल्या हळदीकुंकवाला, कुठल्या गणपतीला आम्हाला फार नेत नसत. लांबूनच मोदक यायचा. मला वाटायचं, बाबा माणूसघाणे आहेत.

क्वार्टरांच्या मागे एक कोर्ट होतं. फरशी उखडलेली, रिंगला जाळी नाही. तिथे मी खेळायला शिकले. खेळता खेळता दिल्लीच्या टीमपर्यंत गेले. गुडघा गेला तेव्हा कोचिंगचं शिक्षण घेतलं. या खाजगी कॉलेजात मुलाखत दिली आणि निवडली गेले. तिथे राखीव जागा नसतात. कुणी माझ्यासाठी शब्द टाकला नव्हता.

ताई तेव्हा नुकत्याच समितीवर आल्या होत्या. यजमान केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर. मला मराठीत बोलताना ऐकलं आणि म्हणाल्या, “अय्या, आपलीच आहेस की! मला मॅडमबिडम नको हं. ताई म्हण.” मला इतकं बरं वाटलं. डब्यात त्यांनी थालीपीठ आणलं होतं. अर्धं मला दिलं. खाता खाता विचारलं, “गाव कुठलं?” मी सांगितलं. “अच्छा. आणि गावात घर कुठे?”

मला दिल्लीत वाढलेलीला त्या प्रश्नातलं काही कळलं नाही. मी म्हटलं, “बुद्धविहाराच्या शेजारी.”

“अच्छा,” ताई म्हणाल्या. पुन्हा डबा आणला नाही.

टीम हरत होती, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. आमची सगळ्यात उंच मुलगी लिगामेंट फाटून घरी बसली. दोघी कॉलेज सोडून गेल्या. कोर्टावर कॉलेजचे कार्यक्रम, कुणाकुणाच्या पार्ट्या. मंडप पडला की आमचा सराव बंद. तरी कोच मी होते. पानिपतात मुलींचे पाय संपलेले दिसत असताना मी त्यांना पूर्ण कोर्टभर समोरच्या टीमच्या अंगावर जायला लावलं. ते चुकलं. नव्या मुलींना काय जमतं ते मला लवकर उमगलं नाही. मुली माझ्याकडे बघायच्या, आणि कधी कधी टाइमआउटमध्ये माझ्याजवळ सांगायला काही नसायचं. त्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

पण मुलांची टीमही हरत होती. आमच्याहून जास्त. त्यांचा कोच चांगल्या घरचा, इंग्रजी फाडफाड. त्याच्याबद्दल समितीत म्हणायचे, “टीम बन रही है. टाइम दो उसको.” तो हरला की टीम घडत असायची. मी हरले की ताईंच्या बोलण्यात मी कोण आहे ते निघायचं.

पानिपतहून आल्यावर मला समितीपुढे बोलावलं. विषय एकच होता. कोच ठेवायची की काढायची.

खोलीत तिघं होते. प्रिन्सिपल सर, ताई आणि क्रीडा विभागाचे प्रमुख. हे प्रमुख माझ्याबरोबर चहा प्यायचे, माझ्या मुलींच्या मॅचला यायचे. माणूस बरा.

प्रिन्सिपलनी विचारलं, “मैडम, टीम क्यों हार रही है?”

मी सांगितलं. दुखापती सांगितल्या, मंडप सांगितला, माझ्या चुका सांगितल्या. म्हटलं, मला अजून एक मोसम द्या, मुली नव्या आहेत. ते ऐकत होते. खरंच ऐकत होते. मला वाटलं, होईल.

मग ताई म्हणाल्या, “सर, लड़की मेहनती है. पर लीडरशिप सिखाने से नहीं आती. वो घर से आती है. ब्लड में होती है.”

प्रमुख खाली बघायला लागले.

ताईंनी खुर्ची माझ्याकडे ओढली. हात माझ्या हातावर ठेवला. आवाज मऊ केला. आणि मराठीत बोलल्या.

“हे बघ, तू राजीनामा दे. घरगुती कारण सांग. मी तुला उपाशी ठेवणार नाही. इथेच ठेवते. बॉल, जाळ्या, सामान सांभाळ. मुलींना पाणी दे. तुझे वडील शिपाईच होते ना? तुमच्या घराला सवय आहे त्याची. कोचबिच व्हायला जाता, आणि मग हे असं होतं.”

माझ्या डोळ्यापुढे बाबा आले. लहानपणी मी एकदा त्यांच्या ऑफिसात गेले होते. बाबा ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन एका दालनातून दुसऱ्या दालनात जात होते. मला बघून त्यांनी ट्रे मागे लपवायला बघितला. पाणी सांडलं. साहेब ओरडला. बाबांनी खिशातला रुमाल काढून फरशी पुसली. माझ्यासमोर. नंतर बसमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत.

ताई हातावर थोपटत होत्या. “हो म्हण. शहाणी आहेस ना?”

प्रिन्सिपल आमच्याकडे बघत होते. दोघी मराठी बायका काहीतरी प्रेमाचं बोलताहेत असं त्यांना वाटलं असणार. म्हणाले, “क्या तय हुआ?”

मी हात काढून घेतला. उभी राहिले. टेबलाला धरलं.

म्हटलं, “सर, मैडम ने मराठी में जो कहा, मैं आपको हिंदी में बताती हूँ.”

ताई म्हणाल्या, “अगं.”

मी सांगितलं. एकेक वाक्य. राजीनामा, घरगुती कारण, बॉल, जाळ्या, पाणी. बाप शिपाई. घराची सवय. मग काला अंबचं सांगितलं. बाजारबुणगे म्हणजे काय, ते समजावलं. लीद म्हणजे लीदच, हिंदीतही तीच. ती सांगताना आवाज फुटला. मी थांबले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग म्हटलं, “मैं महार हूँ सर. दलित. मैडम को पहले दिन से पता है. अब आपको भी पता है.”

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाल्या, “सर, मेरा वो मतलब थोड़ी था. मराठी का टोन ही अलग होता है.”

प्रिन्सिपलनी चष्मा काढला, पुसला. “देखिए, ये आप लोगों का आपस का मामला है. हम तो टीम के रिज़ल्ट की बात कर रहे हैं.”

“तो रिज़ल्ट पर निकालिए,” मी म्हटलं. “हारी हूँ, इसलिए निकालिए. मैं मान लूँगी. पर इस्तीफ़ा नहीं दूँगी. मैं खुद नहीं जाऊँगी.”

त्यांनी काढलं. त्याच आठवड्यात. टीमच्या कामगिरीवरून.

निघताना मुली कोर्टावर होत्या. कॅप्टन धावत आली, गळ्यात पडली, रडली. मी तिला त्या दिवशी काला अंबला ताई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. खरं सांगितलं. तिने डोळे पुसले. म्हणाली, “और हम हँस रहे थे मैम.” हसल्या होत्या, हे खरं होतं.

मी पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं. प्रमुखांना फोन केला. म्हटलं, तुम्ही खोलीत होता, तेवढं सांगा. ते म्हणाले, “मुझे मराठी नहीं आती. मैं क्या गवाही दूँ?” त्यांना मराठी येत नाही. पण मी हिंदीत सांगितलं तेव्हा ते तिथेच होते. ताई नाही म्हणाल्या नव्हत्या, टोन म्हणाल्या होत्या. मी त्यांना ही आठवण करून दिली. “बच्चे छोटे हैं मेरे,” ते म्हणाले. फोन ठेवला.

ताईंचाही फोन आला. “आपलीच माणसं अशी उघडी पाडायची का गं परक्यांसमोर? इतक्या लांब आपण मूठभर मराठी माणसं.”

मी विचारलं, “आपण म्हणजे कोण, ताई?”

त्या काहीबाही बोलत राहिल्या. मी ऐकून घेतलं नाही. तक्रार दिली आहे. तारखा पडतील. साक्षीदार नाही, हे मला माहीत आहे.

घरी आई नाही. बाबा आणि मी दोघंच. गाझियाबादला दोन खोल्या. बाबांना मी जेवताना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला.

“भर खोलीत सांगितलंस?”

“हो.”

“जातीसकट?”

“हो बाबा.”

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, “मी सगळी नोकरी तोंड मिटून काढली. तुझ्या शाळेत कळू दिलं नाही. कॉलनीत कळू दिलं नाही. मला वाटलं, तू सुटलीस यातून.”

मला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ताट सरकवलं आणि आत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून. मी भांडी घासली. अजून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. रागावलेले नाहीत. दुखावले आहेत. त्यांनी जे माझ्यासाठी जन्मभर झाकलं, ते मी उघडं केलं. त्यांना कसं समजवावं, मला कळत नाही. मी प्रयत्नही सोडला आहे.

कॉलेजात नवा कोच आला. मुलींनी पुढची स्पर्धा जिंकली. कॅप्टनने फोटो पाठवला. माझ्याच मुली, हातात कप. मी फोटोकडे पाहत रडले. आनंदाने की कशाने, नीट सांगता येणार नाही. कदाचित मी खरंच कमी पडले होते. कदाचित मला काढायलाच हवं होतं. कोच कमी पडतात, काढले जातात, दुसरीकडे जातात. तेवढंच माझ्याही बाबतीत व्हावं, एवढंच मी मागत होते. माझं हरणं माझं असावं. त्यात माझ्या बापाचा ट्रे येऊ नये.

परवा गुडगावच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. काचेची खोली, चौघं समोर. विचारलं, “पिछली नौकरी क्यों छूटी?”

म्हटलं, “छूटी नहीं. निकाली गई. टीम हार रही थी.”

त्यांनी मान डोलावली. पुढच्या प्रश्नाकडे वळणार होते.

“एक बात और थी,” मी म्हटलं. आणि सांगितली. मी कोण आहे, मला काय म्हटलं गेलं, कुठल्या भाषेत म्हटलं गेलं, आणि तक्रार दिली आहे तेही. एकाने घड्याळ पाहिलं. एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. मला तहान नव्हती.

कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. कळवतील असं वाटत नाही.

पुढच्या मुलाखतीतही सांगणार आहे. समोर मराठी माणूस बसला असेल तर मराठीत सांगेन. त्यांनी विचारलं नाही तरी सांगेन.