आक्कांची पेटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा किस्सा संपतो तिथं मला अजून हसू येत नाही.

आमच्या नगर शहरात खासदारकीचा निकाल लागला की लोक टीव्ही बघतात. आमची गल्ली माझ्याकडे बघायची. शहरानं कुणाला आघाडी दिली, काष्टी-मिरजगावकडचे आकडे आल्यावर ती कशी वाहून गेली, कुठल्या साली शहर एकीकडं आणि खेडी दुसरीकडं, सगळं माझ्या वहीत. दुकानच स्टेशनरीचं, तेव्हा वह्यांना काय तोटा?

या इतिहासाला हक्काचा श्रोता एकच. शेजारच्या शांताक्का. वय सत्त्याऐंशी. जन्मभर विड्या वळल्या, मूलबाळ नाही, आणि एकही मतदान चुकवलेलं नाही. पूर्वी गल्लीतल्या विडीवाल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून घोळक्यानं मत द्यायला जायच्या. त्यातल्या आता आक्का एकट्याच उरल्यात. तरी मतदानाच्या दिवशी लुगडं तेच, हिरवं.

रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून त्या म्हणायच्या, "सदा, पेट्या पळवायचे ते सांग की."

मग मी रंगात यायचो. कुठल्याशा मुलखात गुंड मतपेटी कशी पळवायचे, घरात बसून शिक्के कसे मारायचे. आणि शेवटी मास्तरासारखं बोट उगारून सांगायचो, "आक्का, एक ध्यानात ठेवा. पेटी कधी घरी येत नाही. घरी आली तर समजा, खोटी."

हे वाक्य माझंच बरं का. विसरू नका. मी विसरलो होतो.

गेल्या खासदारकीला मतदार यादीचं काम करणाऱ्या बाई फॉर्म घेऊन आल्या. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी बसून मत देता येतं म्हणाल्या. आक्कांना विचारायचं की नाही? नाही विचारलं. मीच म्हणालो, "भरा भरा. त्यांचे गुडघे गेलेत." मोबाईल नंबर माझा दिला आणि आक्कांना हाक मारली, "आक्का, इथं सही करा. आता तुम्हाला चालायला नको."

"गाडी येनार व्हय?" म्हणत त्यांनी सही केली.

मी गिऱ्हाइकाला पेन दाखवत होतो. "येईल, येईल," म्हणालो. काय येईल ते विचारायला मी रिकामा कुठं होतो?

पुढच्या आठवड्यात मी मिरजगावला लग्नाला गेलो. पंगतीत मोबाईल वाजला. मेसेजमध्ये 'मतदान' शब्द दिसला, म्हटलं कुठल्या तरी उमेदवाराचा प्रचार असेल. जिलेबी आधी संपवली, मेसेज उघडलाच नाही.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तर आक्का ओट्यावर ताठ बसलेल्या.

"सदा, तू म्हनला ते खरं झालं. चौघं आल्ते पेटी घेऊन. संगं पोलिसाच्या कपड्यातला एक, एक शूटिंगवाला. आमी दाराला कडीच घातली. म्हनलं, मतदान सोमवारी हाय, मला शिकवता काय?"

मी तिथंच पंगतीतला तो मेसेज उघडला, तर त्यात पेटी घरी यायची तारीख आणि वेळ.

समजावलं हो. रात्री समजावलं, सकाळी समजावलं. आक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तू भोळा हाईस. तुला फशिवलंय कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी ते लोक परत आले. माणसं सज्जन. साहेब म्हणाले, ही शेवटची फेरी, यानंतर येता येणार नाही. आत आक्का, बाहेर मी, मधे कडी. अख्खी गल्ली जमलेली.

"आक्का, दार उघडा, खरे सरकारी लोक आहेत."

"सदा, तू बी त्यांना सामील झाला?"

"आक्का, शपथ घेतो."

"शपथ तर पेट्या पळवनारे बी घेत्यात. तूच सांगितलंय."

गल्ली पोट धरून हसली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, शूटिंगवाल्यानं बंद दार टिपलं, आणि ती खरीखुरी पेटी निघून गेली. कडी काही निघाली नाही.

मला वाटलं, केंद्रावर हातापाया पडून काहीतरी जमेल. सोमवारी सकाळी आक्का हिरवं लुगडं नेसून दारात उभ्या. मी रिक्षा आणली. "गाडी आली बघ," म्हणाल्या, आणि अशा खूष झाल्या की मला त्यांच्याकडं बघवेना.

केंद्रावर आधी माझा नंबर लागला. मी मत दिलं, बोटाला शाई लागली. मागून आक्कांनी विचारायच्या आतच बोट पुढं केलं. मॅडमनी यादी बघितली, परत बघितली. "आजी, तुमच्या नावापुढं घरून मतदान असं लागलंय. इथं आता देता येणार नाही." मी विनवण्या केल्या. त्या तरी काय करणार, नियम तो नियम.

आक्का भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं केलेलं बोट त्यांनी हळूच पदरात घेतलं.

रिक्षात मी म्हणालो, "आक्का, चुकलं माझं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली. मग म्हणाल्या, "तू वहीत लिवतो ना रं समदं?"

"लिहितो."

"मंग लिव. औंदा आमच्या गल्लीत बी पेटी पळवली. आन पळवनारा दुकानदार हुता."

घरी येऊन वही उघडली. लिहिलंय, नावासकट. आता पायरीवर बसून आक्का गल्लीतल्या बायकांना पेटी पळवल्याचा किस्सा सांगतात, आणि मी आत मान खाली घालून पेनं पुसत बसतो.