माझी शाळा बंदरावर ठरली

मी कुठल्या शाळेत जायचं याचा निकाल श्रीवर्धनच्या बंदरावर, ओल्या वाळूत, चारचौघांसमोर लागला. आमच्या घराण्यात ही गोष्ट प्रत्येक लग्नात जेवणं उरकली की कुणीतरी सांगतं, आणि सांगणारा जितका जवळचा, तितका मी तिच्यात जास्त मठ्ठ निघतो. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून ठेवावी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मला सहावं लागलं होतं. श्रीवर्धनपासून कोसभरावर आमचं गाव, आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि गावात एकच शाळा. शाळा म्हणजे देवळाशेजारची एक खोली, चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजी माणूस वाईट नव्हते. पण एका इयत्तेला शिकवायचं तर उरलेल्या तिन्हींना गप्प बसवणं भाग होतं, आणि त्या कामाला त्यांनी निरगुडीची छडी ठेवली होती.

त्या मे महिन्यात माझी आत्या माहेरपणाला आली. ती दादरला एका बालमंदिरात शिकवायची, माँटेसरी पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलेली. तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि लाकडी सामान जास्त. आल्या दिवशीच तिने वडिलांना सांगून टाकलं, "दादा, ह्याला माझ्याकडे पाठव. गुरुजींच्या हाती देऊ नकोस."

"का? आम्ही नाही शिकलो त्या शाळेत?" आजोबा झोपाळ्यावरून म्हणाले. "माझं काय वाईट झालं?"

आत्याने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी वाडीकडे. तेव्हा आजोबा पानाचा डबा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने ओटीवर चटई अंथरली. एका लाकडी पेटीत लहानमोठी भोकं होती, आणि ज्या त्या भोकात बसणारे दट्टे. "मुलाला शिकवायचं नसतं," आत्या सांगायची. "आपण फक्त जवळ बसून न्याहाळायचं. काय करायचं ते मूल स्वतः निवडतं. चुकलं तर त्याचं त्यालाच कळतं."

मला कळलं नाही. मोठा दट्ट्या लहान भोकात जाईना, तेव्हा मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. आत्याने माझ्या हातातून तो काढून घेतला नाही. ती शांतपणे न्याहाळत बसली. वरवंटा आईने काढून घेतला.

दुपारी सगळे आडवे झाले की आजोबा त्या पेटीशी बसायचे. एकदा आत्याने त्यांना पकडलं तर म्हणाले, "हे तिसरं भोक सुताराने चुकीचं पाडलंय."

घरात महिनाभर हाच विषय. वडील वाडीतून आले की जो शेवटचा बोललेला असेल त्याच्या बाजूला जायचे. सकाळी गुरुजींच्या पाढ्यांचे, संध्याकाळी माँटेसरीचे. मी त्यांच्यावरच गेलोय असं माझी बायको म्हणते. आजही मी भाजीसुद्धा भाजीवालीच्या मताने घेतो.

एवढ्या बोलण्यात आईला कुणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांसमोर सुनेने बोलायची रीत नव्हती, आणि ती बोललीही नाही. पण मी तेव्हा तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे, आणि मुंबईची आगबोट मेअखेर बंद व्हायची ती पार नारळी पौर्णिमा उलटल्यावर सुरू. मधल्या दिवसांत रस्त्याचा भरवसा कुणी देत नसे. एका रात्री ती वडिलांना हळूच म्हणाली, "अहो, ह्याला तिकडे ताप आला, तर मला कळेल तेव्हा तो उतरलेला असेल."

"उतरलेलाच असेल ना? मग झालं तर," वडील म्हणाले. ते त्या दिवशी माँटेसरीच्या बाजूला होते.

शेवटी आजोबा म्हणाले, "तुम्ही आईबाप, तुम्ही ठरवा." म्हणजे वडिलांनी ठरवलं. आईने माझे कपडे घडी करून पिशवीत भरले.

शेवटच्या बोटीच्या दिवशी आम्ही सगळे बंदरावर. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिथवर उतारूंना वल्ह्यांचा पडाव न्यायचा, आणि तो पडावही किनाऱ्याला टेकायचा नाही. मोठ्यांनी कपडे वर खोचून गुडघाभर पाण्यातून जायचं आणि पोरांना खलाशी खांद्यावर बसवून न्यायचे. एका उघड्या अंगाच्या दांडग्या खलाशाने बोर्लीच्या कुठल्याशा दुकानदाराचा मुलगा असा खांद्यावर उचलला, पडावात ठेवला आणि निथळत परत आला. मी त्याच्याकडेच बघत होतो. बाकी बंदरावर काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं.

तेवढ्यात आई बोलली. "वन्सं, एक विचारू? तुमच्या शाळेत मूल स्वतः निवडतं म्हणता. मग ह्याला कुणी विचारलं?"

"पाच वर्षांच्या पोराला काय विचारायचं?" आजोबा म्हणाले.

"नाही बाबा, वहिनी बरोबर बोलतेय," आत्या म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला होता. ती ओल्या वाळूत माझ्यासमोर उकिडवी बसली. "सांग. माझ्याबरोबर मुंबईच्या शाळेत येतोस, की इथे आईजवळ राहून गुरुजींच्या शाळेत जातोस?"

"येतो," मी म्हटलं. खलाशी मोकळा उभा होता, दुसरा कुणी बसायच्या आत उत्तर देणं भाग होतं.

आईने माझी टोपी सरळ केली आणि पिशवी आत्याकडे दिली. विचारायला तिनेच लावलं होतं.

"बस रं वाघा, मुंडी घट धर," म्हणून खलाशाने मला उचललं. तो खांदा, ते पाणी, खालून चालणारी आत्या! मुंबई एवढीच असती तर मी जन्मभर तिथे राहिलो असतो. पण पडाव लगेच आला. आत ठेवल्याबरोबर मी खलाशाला म्हटलं, "आता आईला आण. तिची पाळी."

खलाशी हसला. आत्या हसली नाही. महिनाभर मला न्याहाळत बसलेली बाई ती.

"आई येणार नाहीये रे," ती म्हणाली. "आपण दोघंच जायचं."

"मग मला परत ने," मी खलाशाला सांगितलं. "तिकडे वाळूवर. खांद्यावरून."

आत्याने क्षणभर आगबोटीकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "ह्याला सोडून या."

"आत्याबाय, पानी उतरतंय, हितं काय जत्रा हाय व्हय?" तो कुरकुरला, पण त्याने मला उचललं. आत्या पडावातून ओरडून म्हणाली, सगळ्या बंदराने ऐकलं, "दादा, ह्यानं शाळा निवडलीच नव्हती! खांदा निवडला होता!"

आईने मला खलाशाच्या खांद्यावरून थेट स्वतःच्या कडेवर घेतलं. आजोबा खूश होऊन म्हणाले, "बघा! मूल काय निवडणार डोंबल!"

"निवडू दिलं म्हणून तर कळलं, मामंजी," आई म्हणाली. सासऱ्यांना तिने दिलेलं ते पहिलं उत्तर. पडाव आगबोटीला लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. वडील दोनदा "चला, ऊन झालं," म्हणाले तरी हलली नाही.

जूनमध्ये मी गुरुजींच्या शाळेत बसलो आणि पहिल्याच आठवड्यात हातावर वळ घेऊन घरी आलो. आजोबा म्हणाले, "चालायचंच." आईने खोबरेल चोळलं. दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती स्वतः मला घेऊन निघाली. आमच्या घरातली सून तोवर कधी शाळेच्या पायरीशी गेली नव्हती. दारात उभं राहून तिने सगळ्या इयत्तांसमोर सांगितलं, "गुरुजी, हा मुंबईच्या चांगल्या शाळेत जायचा होता. मी ठेवून घेतलाय. तेवढं लक्षात असू द्या."

त्यानंतर गुरुजींनी मला मारलं नाही असं नाही. पण मारण्याआधी ते एकदा दाराकडे बघायचे.