समुद्रात घालायचं पाणी

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला काय द्यायचं, यावर आमच्या कोकणातल्या घरी बराच खल चालला होता. अंगठी द्यावी की मनगटी घड्याळ? जावई लाजून म्हणाले, "मला काही नको." ती संधी साधून मी म्हणाले, "मग मला द्या. मला दगड हवा."

साधा दगड नव्हे. ओहोटीला आमच्या घरामागचे खडक उघडे पडत, तिथल्या एका डबक्यातला दगड. त्याच्यावर जांभळट रंगाचं समुद्रफूल बसलेलं होतं, शेजारी पोवळ्याचा हिरवा ठिपक्याठिपक्यांचा गालिचा होता. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, प्राणी. दगडाला चिकटून बसतं, पाकळ्यांसारखे हात हलवत भक्ष्याची वाट बघतं. लहानपणापासून मी त्याला भेटायला जात असे. वडिलांनी डोक्याला हात लावला, पण छिन्नी काढली. बाकीच्या पोरी सासरी साड्या घेऊन जातात. मी एक दगड, पट्ट्यापट्ट्यांचे दोन बोटभर मासे आणि अरबी समुद्राचे सहा कॅन घेऊन सोलापूरला परत आले. ट्रकमधून, नवऱ्याच्या मित्राच्या शेजारी बसून, दगडाची बादली मांडीवर.

शुक्रवार पेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, टॉवेल, चादरी. दुकानातली लोखंडी चौकटीची काचेची शोकेस तेव्हा रिकामी होती. मी तिच्यावर डोळा ठेवलाच होता. नवऱ्याने सांधे डांबराने बुजवले, पुण्याहून हवेचा पंप आणला आणि बाहेरच्या खोलीत समुद्र थाटला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो सगळा वेळ सुपारी कातरत पाहिला. मग निकाल दिला.

"हे बघ सूनबाई. हौस हाय, करा. पन जूनात शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मला माझी शोकेस पायजे. गणवेश मांडायचेत. तंवर ही जनावरं जगली, तर शोकेस तुझी. न जगली, तर मुकाट्यानं खाली करून द्यायची. आनि वास आला, तर त्याच दिवशी."

"मान्य," मी म्हणाले.

सासूबाई आतून म्हणाल्या, "सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं जगत न्हाईत धड, आन ही माशांवर पैज लावून बसलीय."

थंडीत सगळं गोड चाललं. टीव्ही यायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या बाहेरच्या खोलीत. मी शोकेसवरचा पडदा बाजूला सारून, सुकटीचा एक कण चिमट्याने समुद्रफुलाच्या हातात द्यायची. फूल हळूच मिटायचं. बायका तोंडाला पदर लावायच्या. मी अशी काही मान लववायची, जणू ते मीच गिळलंय.

फाल्गुन लागला आणि पेटीतलं पाणी खाली जायला लागलं. कोरडी हवा नुसती पीत होती समुद्र. एका सकाळी बघते, तर मासे कोपऱ्यात तोंड लपवून बसलेले, फूल गोळा होऊन सुपारीएवढं झालेलं. आणि मामंजी समाधानाने हात झटकतायत.

"काय केलंत मामंजी?"

"मीठ घातलं दोन मुठी. पानी कमी झालं म्हंजे मीठ बी कमी झालं की. समुद्रच हाय त्यो."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई पळी हातात घेऊन बाहेर आल्या. "अवं, आमटी आटल्यावर वरनं मीठ घालता का तुमी? आटली की आपसूक खारट हुती. तिच्यात पानी घालायचं असतंय." कोकणातून आलेल्या माझ्या अख्ख्या समुद्रशास्त्राचं सार त्यांनी पळीच्या एका फटक्यात सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या बाजूच्या झाल्या.

आम्ही चार तांबे खारं पाणी काढलं, साधं घातलं. पण किती खारट म्हणजे बरोबर? चाखून कळेना. तेव्हा सासूबाईंनीच फडताळातून त्यांचं शस्त्र आणलं: गवळ्याला पकडायची काचेची नळी. दुधात सोडायची, दूध घट्ट असेल तितकी ती वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर बुडते. मी एक कॅन माहेरचं पाणी न वापरता जपून ठेवलं होतं. त्यात ती नळी सोडली आणि थांबली तिथे नखांना लावायच्या रंगाने खूण केली. सासूबाई खाली वाकून बघत राहिल्या.

"अगं, ह्या रेघेवर तर आपल्या गवळ्याचं दूध थांबतंय."

खरंच तसं होतं. अरबी समुद्र आणि आमच्या गवळ्याचं दूध एकाच रेघेवर. तेव्हापासून रोज सकाळी नळी आधी दुधात आणि मग समुद्रात जायची. हा क्रम एकदा चुकला आणि चहा खारट झाला. पुन्हा चुकला नाही.

आता खरा प्रश्न उरला: रोज आटतं तेवढं पाणी भरायचं कुठलं? नळाचं भरत होते, तर पेटीच्या काचेवर पांढरी खरवड धरायला लागली, दगडावर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलं आणि फूल दिवसाचा निम्मा वेळ मिटूनच बसायचं. आमचं पाणी म्हणजे डाळ शिजायला रुसणारं. वर त्याला जंतुनाशक पावडरीचा वास. समुद्रातून उडून जातं ते निव्वळ पाणी. मी रोज त्याच्या जागी पाणी अधिक चुना घालत होते. होळीपर्यंत माझा समुद्र चुन्याची निवळी झाला असता.

घरात प्रत्येकाचा उमेदवार ठरलेला. सासूबाई म्हणाल्या, उकळून घे. नवरा म्हणाला, तुरटी फिरव. मामंजींनी कोपऱ्यातल्या फिल्टरकडे बोट केलं. चिनी मातीचा, पांढराशुभ्र, आत दोन कँडल. दर शनिवारी ते स्वतः त्या कँडल दात घासायच्या ब्रशने घासत. पेठेत आलेला पहिला फिल्टर आमचा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोडायला कुणी जात नसे. बॅटरीच्या दुकानातलं, वाफ थंड करून धरलेलं पाणी हा माझा उमेदवार. मी बाटली घेऊन गेले तर दुकानदाराने विचारलं, "गाडी कोणती, वहिनी?" मी म्हटलं, "मासे." त्याने एक बाटली दिली, पुढची द्यायला नकार दिला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. आणि मला लागत होती रोज अर्धी बादली.

मी सामना जाहीर केला. सासूबाईंचा मोठा आरसा अंगणात उन्हात आडवा ठेवला आणि त्याच्यावर एकेका पाण्याचा थेंब सोडला. नळाचं, उकळलेलं, तुरटीचं, फिल्टरचं, बॅटरीचं. थेंब वाळू द्यायचे. पाण्यात जे विरघळलेलं असेल ते आरशावर उरेल.

सगळे भोवती उकिडवे बसले. नळाच्या थेंबाने पांढरं कडं सोडलं. उकळलेल्याने थोडं फिकट. तुरटीने कडं तर सोडलंच, वर चमकसुद्धा. बॅटरीच्या पाण्याच्या जागी काही नाही, नुसता आरसा. आणि फिल्टरच्या जागी गोल, ठसठशीत, कुणीही भिंग न घेता बघू शकेल असं कडं.

मामंजी म्हणाले, "आरसा खराब हाय."

"माझ्या लग्नातला आरसा हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग थेंब मोठा सोडलाय हिनं."

मी म्हटलं, "मामंजी, फिल्टर गाळ पकडतो, जंतू पकडतो. पण चहा कितीही गाळला तरी साखर गाळणीत राहते का? चुना तसाच खाली उतरतो."

ते उठले आणि दुकानात गेले. दुपारी जेवायला येऊन म्हणाले, "दुकानाच्या काचेवर बी करून बघितलं." निकाल विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बॅटरीचं पाणी जिंकलं, पण मिळेना. चैत्र आला. हवा अशी तापली की शोकेसच्या काचेला हात लावला तर कोमट लागायची. मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. वीज गेली की पंप बंद, मग नवरा ट्रकची ट्यूब भरून तिच्यातून नळीने फुगे सोडत बसायचा. शाळा उघडायला अजून कितीतरी दिवस होते, आणि मामंजी बाहेरच्या खोलीत आले की शोकेसची लांबी नजरेने मोजायचे.

अशात पाहुणे आले. पन्ह्यासाठी बर्फाची पाव लादी आणली. मी तिच्यावरचा भुसा धुऊन वरवंट्याने ती फोडत होते आणि मधेच हात थांबला. लादीच्या कडा काचेसारख्या, आरपार. आणि मधोमध गर दुधाळ, पांढरा, सुतासारख्या रेषांनी भरलेला. कारखान्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठणारं पाणी आपल्यातलं नको ते सगळं आत आत ढकलत नेतं आणि शेवटी मधल्या गरात कोंडतं. म्हणजे कडेला काय उरलं?

पाहुण्यांचं पन्हं राहिलं तसंच. मी एका वाटीत कडेचा बर्फ, दुसरीत गर घेऊन वितळवला, आरसा काढला आणि दोन थेंब सोडले.

गराच्या थेंबाने असं कडं सोडलं की नळाला लाज वाटावी. कडेच्या थेंबाच्या जागी बोट फिरवून शोधावं लागलं, इतकं पुसट. मी आरसा घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, अगदी दिवा ओवाळावा तसा, मामंजींच्या पुढे धरला.

त्यांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. "कशाचं?"

"बर्फाच्या कडेचं."

"हॅ," ते म्हणाले. पण पाहुणे गेल्यावर चप्पल घालून मीच बर्फ आणायला निघाले तेव्हा म्हणाले, "तू थांब. उन्हाचं कुटं जातीस." आणि सायकल काढली.

पुढचं मी बर्फाच्या वखारीवाल्या चाचांकडून ऐकलं. मामंजींनी तिथे लादी फोडायला लावली, एकेक तुकडा उजेडात धरला आणि पांढरा निघाला की बाजूला टाकला. चाचा म्हणाले, "शेटजी, बरफ में बी छाँटते क्या?" मामंजी म्हणाले, "घरी समुद्र हाय."

मग आमची रीत बसली. पुरणाची चाळण शोकेसवर ठेवायची आणि तिच्यात कडेचे खडे. ते थेंब थेंब वितळत, आटलेलं पाणी भरून निघे आणि समुद्र गारही राही. दुधाळ गर वाया जाऊ नये म्हणून तो लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून ती बरणी पाण्यात सोडायची. गारवा बाहेर, चुना आत. एकाच लादीने माझा पाण्याचा प्रश्न सोडवला आणि सोलापूरचा उन्हाळाही. नळी रंगाच्या खुणेवरून हलेना. काचेवरची खरवड मी घासून काढली, ती परत आली नाही. फूल पुन्हा बशीएवढं उघडलं आणि मी संध्याकाळचे खेळ पुन्हा सुरू केले, यावेळी चाळणीसकट. चाळणीला सर्वांत जास्त दाद मिळायची.

आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी घात झाला.

फूल एका बाजूला लांब ताणलं गेलं होतं, मधे कंबरेसारखं बारीक, दोन टोकं दोन दिशांना. उसवलेल्या कापडासारखं. नळी टाकली, रेघ बरोबर. पाणी गार. मासे मजेत. मग हे काय?

मामंजी दुकानात जायला निघालेले, आत आले. त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदाच शोकेसची लांबी मोजली नाही.

"गेलं की," ते हळूच म्हणाले.

गणवेशांचे गठ्ठे ओटीवर येऊन पडले होते. मामंजी ते ओलांडून गेले आणि नेहमीच्या वेळेच्या आधीच बर्फ घेऊन परत आले. चाळण त्यांनीच भरली. सासूबाई मात्र पाट घेऊन शोकेससमोर बसल्या आणि निवडायचे तांदूळ तिथेच घेतले.

दुपार कलली तेव्हा त्यांनी हाक मारली, तीही जोरात नाही. "अगं, हिकडं ये जरा."

मधली कंबर सुटली होती. दगडावर दोन फुलं होती. एक थोडं मोठं, एक लहान, दोघांचे हात हलतायत. मी कॉलेजात कधीतरी वाचलं होतं की खाणंपिणं नीट मिळालं, पाणी मानवलं, की हे प्राणी एकाचे दोन होतात. मानवलं, हा शब्द मला तेव्हा आठवला आणि मी खाली बसले. माझ्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या रेघेवर थांबलं असतं, ते नळीने मोजायला हवं होतं.

संध्याकाळी मामंजी घरी आले, टोपी खुंटीला लावली, शोकेसपुढे उभे राहिले. एक फूल. दोन फुलं. पुन्हा एक, पुन्हा दोन.

"उद्याला गणवेश मांडायचेत," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

सासूबाईंनी तांदळाचं ताट उचललं. "बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत कुणी घराबाहेर काढतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गणवेश दोरीवर टांगून विकले गेले आणि सव्वा महिना संपायच्या आत दुकानात नवी शोकेस आली. जुनी माझी झाली. मामंजींनी आपला फिल्टर घासणं सोडलं नाही, पण कुणी पाहुणा त्याचं कौतुक करू लागला की ते म्हणायचे, "त्यो माणसांसाठी हाय. समुद्राचं पानी वेगळं असतंय."

सकाळची नळीही हळूहळू त्यांनीच ताब्यात घेतली. पडवीत एकीकडे दुधाचं भांडं, एकीकडे समुद्राचा पेला, समोर गवळी हात बांधून उभा. नळी दुधात सोडायची, बघायची. समुद्रात सोडायची, बघायची. मग गवळ्याकडे बघायचं.

"काय मालक?" गवळी विचारायचा.

"तुझ्यापरीस," मामंजी म्हणायचे, "सुनेचा समुद्र घट्ट हाय."