पितळी रूळ

निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना. सगळी नोकरी गेवराई तालुक्यात लाईनमन म्हणून खांबांवर चढण्यात गेली होती. आता मी दिवसातून दहादा उगीच मीटरचा बोर्ड उघडून बघायचो. बायको वैतागली. "कावून एवढी येरझार? मागं हौसेनं आणलेलं ते खेळण्यातल्या आगगाडीचं इंजिन तरी काढा की पेटीतून."

इंजिन होतं, पण रूळ नव्हते. बीडला एक बाई गेलेल्या नवऱ्याचे जुने रूळ देऊन टाकणार आहेत असं कळलं, तसा मी पहिल्या बसनं गेलो. त्यांनी दोन खोकी पुढे ठेवली. एकात पिवळेधमक पितळी रूळ, दुसऱ्यात फिके, रुपेरी.

"पितळी नका नेऊ, भाऊ. काळे पडतात, मग गाडी अडते. मी जन्मभर घासलेत."

विजेचं मला शिकवतात, असं मनात म्हणत मी चमकणारं खोकं उचललं.

घरी प्लायवूडवर रूळ गोल मांडले, ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा एका जागी जोडल्या. इंजिन अर्धी फेरी गेलं, मंदावलं, थांबलं. बोटानं ढकललं की वीतभर सरकायचं. मीटर लावला, तर तारांपाशी बारा व्होल्ट आणि पलीकडच्या वळणावर जेमतेम पाच. पॉलिश पेपरनं घासलं की सकाळी चालायचं, संध्याकाळी पुन्हा ठप्प. चार दिवस असेच गेले. ताट गार व्हायचं, मी बायकोवर खेकसायचो.

"अख्ख्या तालुक्याला लाईट दिली," ती म्हणाली, "अन् एवढीशी गाडी चालंना व्हय?"

लई लागलं. कमी दाबाची तक्रार घेऊन आलेल्या माणसांना मी 'वरूनच कमी येतंय' म्हणून वाटेला लावायचो. इथं वर कोण होतं?

पाचव्या दिवशी पुन्हा बीड. मी दारातच उभा राहिलो. बाईंनी न विचारता दुसरं खोकं आणलं.

"ताई, ऐकलं नाही तुमचं. चुकलं."

"त्यांनीही कधी ऐकलं नाही. तारा किती ठिकाणी जोडल्यात?"

"एकाच."

"दर दोन रुळांमागं जोड द्या. रुळांमधल्या जोडपट्ट्या ढिल्या होतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. लाल बाहेरच्या रुळाला, काळी आतल्या. त्यांची कंबर धरायची, म्हणून फळीखाली मीच बसायचे."

घरी रुपेरी रूळ मांडले आणि दोन दिवस मी फळीखाली आडवा पडून तारांना सोल्डरिंगचे डाग देत होतो. एके ठिकाणी लाल-काळी उलटी लागली, शॉर्ट झालं, ट्रान्सफॉर्मर तापून वास सुटला. पुन्हा एकेक जोड तपासला. मग गाडी फिरली. मी लगेच बाईंना फोन केला.

रविवारी त्या आल्या. गाडीकडं न बघता आधी फळीखाली वाकल्या. एक तार नखानं ओढली, ती हातात आली.

"हा डाग कच्चा आहे."

मान खाली घालून तो पुन्हा दिला. मग वेग कमीजास्त करायचं बटण त्यांच्या हाती ठेवलं. गाडी फिरत राहिली. प्रत्येक वळणावर मी उठून कान देत होतो.

"थांबवू का जरा? इंजिन तापेल."

"राहू द्या," त्या रुळांवरची नजर न हलवता म्हणाल्या. "इतक्या वर्षांत हे बटण मला कुणी दिलंच नव्हतं."

त्यांचा उजवा हात बटणावरच होता, म्हणून बायकोनं डाव्या हातात चहाचा कप दिला.