नव्या आवृत्तीचा हुकूम

आमच्या धुळ्याच्या केबल ऑफिसात राऊटर सांभाळणारे एक महाशय आहेत. राऊटर सारखा घरोघरच्या सेट टॉप बॉक्सना विचारत असतो, ‘कोणी बघतंय का?’ हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत विचारा, असा साहेबांचा वर्षापासूनचा हुकूम. महाशय केसांतून कंगवा फिरवत म्हणतात, “बठ्ठं व्हई जाई, साहेब.” होत काहीच नाही. का, तर नव्या आवृत्तीतला प्रश्न गल्लीतल्या एका म्हातारीच्या जुन्या बॉक्सला कळत नाही.

“मग तिला नवा बॉक्स द्या,” मी म्हटलं.

“अक्काले नवा रिमोट समजत नही, भाऊ.”

वा! एका अक्कासाठी अख्खं धुळं जुन्या आवृत्तीवर. असल्या माणसाला घरीच बसवायला हवं.

दर महिन्याच्या अहवालात ‘आवृत्ती बदलली’ हे मीच टाइप करतो.